झेलॉनचा बडग्या

जितेंद्र पौनीकरला ही बातमी कोणी येऊन सांगितली नाही. पानठेल्यावर दोघं जण आपसात बोलत होते, ते त्याच्या कानावर पडलं. रुपराव हेडाऊच्या मंडळाचा बडग्या यंदा मोबाईलचा आहे म्हणे, आणि एवढा उंच की इतवारीतल्या वायरींना लागेल. झालं. सुपारी-तंबाखूचा खर्रा अर्धा तोंडात, अर्धा पुडीत, जितेंद्र तसाच घराकडे वळला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, बाईचा भला मोठा पुतळा, आणि गावाची रोगराई घेऊन जाते. तिच्या मागे बडगे. वर्षभर ज्यानं लोकांना पिडलं त्याचा बांबूकागदाचा पुतळा करायचा, गळ्यात खेटरांची माळ घालायची, शिव्या देत गावभर फिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. महागाईचा होतो, डेंग्यूच्या मच्छराचा होतो, पुढाऱ्यांचे तर दरवर्षी होतात. पुढाऱ्याची कातडी जाड, तो दुसऱ्या दिवशी हार घालून घ्यायला मोकळा. पण साध्या माणसाचा त्याच्याच मोहल्ल्यानं बडग्या केला, तर त्यानं दूध आणायला कोणत्या तोंडानं बाहेर पडावं? जितेंद्रला भीती होती ती याची. आणि त्यानं लोकांना पिडलं नव्हतं, असं त्याची सख्खी आईसुद्धा म्हणाली नसती.

एक काळ होता, नागपुरात मोबाईल म्हणजे झेलॉन. सीताबर्डीला व्हरायटी चौकात उभं राहून मान वर केली तर निळ्या बोर्डांशिवाय काही दिसायचं नाही. लग्नात जावयाला झेलॉन, बारावी पास झालेल्या पोरीला झेलॉन, रामटेकच्या गडावर जो तो देवळाकडे पाठ करून झेलॉननं फोटो काढत उभा. त्या फोनची एक खूण होती. फोटोचं बटण उजव्या कडेवर, जुन्या कॅमेऱ्यासारखं. बोट आपोआप तिथं जायचं. जितेंद्र या कंपनीचा अख्ख्या जिल्ह्याचा डिस्ट्रिब्युटर. त्याच्या गोदामातून गेल्याशिवाय एकही झेलॉन नागपुरात विकला जात नसे, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे.

माज कसा असतो ते तेव्हा बघायला पाहिजे होतं. खपणाऱ्या मॉडेलची पेटी हवी असेल तर न खपणाऱ्या मॉडेलच्या पेट्या आधी गळ्यात बांधून घ्यायच्या. दुकानात दुसऱ्या कंपनीचा फोन दिसला की माल बंद. आणि डीलर मीटिंगची तर तऱ्हाच न्यारी. हॉटेलच्या हॉलमध्ये दाराशीच पाण्यानं भरलेली बादली. ज्याच्या खिशात दुसऱ्या कंपनीचा फोन निघेल त्यानं तो स्वतःच्या हातानं बादलीत सोडायचा, मगच जेवायला बसायचं. लोक हसत हसत सोडायचे. ते हसणं कसलं होतं हे जितेंद्रला कधी कळलं नाही. तो स्वतः दुसऱ्या कंपनीच्या फोनला बोटही लावत नसे, विटाळ झाल्यासारखा हात मागे घ्यायचा.

रुपराव हेडाऊचं दुखणं याहून जुनं. रुपराव लकडगंजातला, जितेंद्रच्याच गल्लीतला, दोघं लहानपणी एकत्र कंचे खेळलेले. त्याचे वडील आनंदराव घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करायचे. दुकानावर पत्र्याचा बोर्ड होता, आनंदरावांनी स्वतः रंगवलेला, कोपऱ्यात एक घड्याळ काढलेलं. पुढे रुपरावनं त्याच दुकानात मोबाईल ठेवले. एके दिवशी जितेंद्रची माणसं शिडी घेऊन आली, पत्रा उतरवला आणि निळा लाईटवाला बोर्ड चढवला. त्यावर झेलॉन हे नाव म्हशीएवढं आणि हेडाऊ हे नाव खाली कोपऱ्यात, मुंगीएवढं. रुपराव म्हणाला, बाबाचा पत्रा राहू दे एका बाजूला, त्याची काय अडचण आहे. जितेंद्र म्हणाला, कंपनीला चालत नाही. पत्रा भंगारात गेला. आनंदराव जगले तोवर दुकानाची पायरी चढले नाहीत. समोरच्या ओट्यावर बसायचे आणि वर बघत राहायचे.

मग जे व्हायचं ते झालं. बाहेरून स्वस्त फोन आले, नुसत्या काचेचे, फोटोचं बटण नसलेले. गिऱ्हाईक तिकडे वळलं. तेव्हा झेलॉनच्या साहेबांनी काय करावं? बटण आणखी मोठं केलं. म्हणे हीच आमची ओळख. डीलर घसा फोडून सांगत होते की साहेब, लोकांना बटण नको आहे, आणि जितेंद्र त्यांनाच दटावत होता की कंपनीला तुमच्यापेक्षा जास्त अक्कल आहे. एका दिवाळीला फोनसाठी रांगा होत्या, पुढच्या दिवाळीला कव्हर फुकट देऊनही कोणी विचारेना. सर्व्हिस सेंटरचं शटर पडलं. साहेब लोक फोन उचलेनासे झाले. बर्डीवरचे निळे बोर्ड एकेक करत उतरले, त्यांच्या जागी दुसऱ्या रंगाचे चढले. जितेंद्रकडे उरलं काय, तर गच्चीवर गुंडाळून ठेवलेले झेलॉनचे फ्लेक्स आणि खिशात एक झेलॉन, काचेला तडा गेलेला. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, असं तो बायकोला ऐकवायचा. प्रेमिला जेवणाचे डबे करून घर चालवत होती, तिला ऐकायला फुरसत नव्हती. सुंभ जळला, पण पीळ तसाच.

तर पानठेल्यावरून निघाला तो सरळ गच्चीवर. बघतो तर फ्लेक्स जागेवर नाहीत.

खाली प्रेमिला पोळ्या लाटत होती. तिनं सांगितलं, रुपरावभाऊंच्या मंडळाचे लोक आले होते, बडग्यासाठी जुनं फ्लेक्स मागत होते, देऊन टाकलं. त्याच्याखाली पावसाचं पाणी साचून मच्छर होत होते, बरं झालं गेलं ते. जितेंद्रला वाटलं, पोळपाटच उचलून फेकावा. नवऱ्याला जाळायला घरातूनच लाकडं पुरवली, घरभेदी कुठली, अशी त्यानं सुरुवात केली आणि बोलता बोलता तिच्या माहेरापर्यंत पोचला. ती लाटत राहिली. तव्यावरची पोळी उलटवून मग तिनं तोंड उघडलं.

"तुमचाच बडग्या होऊन राहिला असं वाटते ना तुम्हाले? मंग जा अन् माफी मागून घ्या. आजवर कोणाची मागितली नाही, एकदा मागून पाहा."

"मी काहून मागू वं? मी काय कोणाच्या घरी चोरी केली?"

"मंग होऊ द्या बडग्या," ती म्हणाली, आणि पुढची पोळी घेतली.

मंडळाचं काम समाजभवनाच्या हॉलमध्ये चाललं होतं. दाराला ताडपत्री, आणि दाराशी रुपराव बांबूच्या कामट्या काढत बसलेला. जितेंद्रनं गेल्या गेल्या आवाज चढवला. आत काय आहे ते दाखव म्हणाला. रुपराव म्हणाला, बडग्या आधी दाखवत नसतात, तुला काय माहीत नाही? जितेंद्रनं बदनामीच्या केसची धमकी दिली, वकिलाचं नाव घेतलं, आपल्या ओळखीच्या नगरसेवकाचं नाव घेतलं, जो मागचं इलेक्शन हरला होता. मग जुनं काढलं, की तुझं दुकान चाललं ते माझ्या जिवावर, मी माल दिला नसता तर अजून रेडिओचे खटके बदलत बसला असता. हे बोलायला नको होतं. रुपरावचा कोयता क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"मारबतीच्या दिवशी येजो गा जितू," तो खाली बघतच म्हणाला. "डोळे भरून पाहजो."

वाऱ्यानं ताडपत्री जराशी हलली. फटीतून जितेंद्रला आतला निळा रंग दिसला. झेलॉनचा निळा, तो त्यानं झोपेतही ओळखला असता. आता हातच्या काकणाला आरसा कशाला? बडग्या त्याचाच होता.

तो ठाण्यात गेला. तिथल्या हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की तुमचं नाव लिहिलंय का त्याच्यावर? लिहिणार आहेत, जितेंद्र म्हणाला. हवालदार म्हणाला, आमच्या खात्याचाच बडग्या निघतो काका दर दोन वर्षांनी, आम्ही त्याच्याच बंदोबस्ताला असतो. बाजूचे दोघं हसले. जितेंद्र उठून आला.

मग राहिली गोपिका. गोपिका ही रुपरावची धाकटी बहीण, आणि भाऊ तिचा शब्द मोडत नाही हे गल्लीला ठाऊक. बर्डीवर तिचं स्वतःचं मोबाईलचं दुकान होतं. चांगलं चालायचं. एका दिवाळीत तिनं काचेत दुसऱ्या कंपनीचे फोन मांडले, तर जितेंद्रनं ऐन दिवाळीच्या आठवड्यात तिचा माल तोडला. गिऱ्हाईक दारात येऊन परत जायचं, शेजारच्या दुकानातून झेलॉन घेऊन तिच्याच समोरून निघायचं. त्या धक्क्यातून दुकान सावरलं नाही. आता ती व्हरायटी चौकाजवळ फुटपाथवर छत्री लावून कव्हरं आणि काचा विकते.

जितेंद्र गेला तेव्हा ती एका पोरीच्या फोनला काच लावत होती. तिनं काच नीट बसवली, कापडानं पुसली, पोरीला दिली, आणि मग त्याच्याकडे पाहिलं. त्यानं आपलं म्हणणं मांडलं. भाऊला समजाव, जुनं उकरून काय मिळणार आहे, मी पण कंपनीपायी बुडालोच ना, माझ्याकडे तरी काय उरलं. तिनं मध्ये अडवलं नाही. तेवढ्यानं त्याला धीर आला.

"आता तुझ्या दुकानाचं म्हणशील तर ते कंपनीची पॉलिसी होती, गोपिका. माहा काय दोष?"

"पॉलिसीले तोंड तुमचंच होतं, जितूभाऊ," ती म्हणाली. "साहेब काही आमच्या दुकानात आले नाही कधी. तुम्ही आले. अन् माल तोडून जातानी माह्याच गल्ल्यावरची मिठाई खाऊन गेले."

जितेंद्रला मिठाईचं आठवत नव्हतं. तिला आठवत होतं, पेढा होता का बर्फी तेही. तिच्या आवाजात चढउतार नव्हता, आणि ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, माझं सोडा, माझं मी पाहिलं. पण भाऊला बाबा गेल्यापासून एकच लागून राहिलंय. त्या पत्र्याचं चुकलं, एवढं त्याच्यासमोर जाऊन म्हणा. बाकी काही करू नका. मग तिची नजर त्याच्या हातातल्या फोनवर गेली.

"त्याची काच नाही भेटत आता," ती म्हणाली, त्यानं विचारलेलं नसताना.

परतताना मेट्रोत बसून त्यानं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. चुकलं. साधा शब्द, शाळेत पोरंसुद्धा म्हणतात. पण तो म्हणायला गेला की मागून दुसरंच काही यायचं. कंपनीला चालत नव्हतं, सगळेच डिस्ट्रिब्युटर करत होते, मी काय एकटाच होतो का. लकडगंजात उतरला तेव्हा समाजभवनासमोरूनच जायचं होतं. रुपराव दाराशी उभा होता. जितेंद्रनं रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूनं, दुकानांच्या आडोशानं घरी गेला. जाळायचं तर जाळा म्हणावं, त्यानं ठरवलं. पण त्यांना ते सुख माफी मागून द्यायचं नाही.

मारबतीच्या दिवशी तो घरात बसणार होता. दारं लावून, टीव्हीचा आवाज वाढवून. पण लांबून ढोलताशे ऐकू यायला लागले आणि त्याचं बूड खुर्चीला टिकेना. आपला बडग्या कसा केलाय, नाक कसं केलंय, पोट किती मोठं, पाटीवर काय लिहिलंय, हे आपल्याशिवाय सगळ्या गावानं बघायचं, हे त्याला सहन होईना. तोंडाला दुपट्टा गुंडाळला, डोक्यावर टोपी ओढली आणि निघाला.

इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. गच्च्या, खिडक्या, दुकानांचे पत्रे, सगळीकडे माणसं. पिवळी मारबत पुढे गेली तशा बायका हात जोडायला धावल्या. "इडापिडा घेऊन जाय गे मारबत!" सगळी गल्ली ओरडत होती. बडग्यामागून बडगे आले. एक भोंदू बाबाचा, एक खड्ड्यांचा, एक कोणत्या तरी परदेशी पुढाऱ्याचा. प्रत्येकाला खेटरं, प्रत्येकाला शिव्या. आणि मग वळणावरून हेडाऊ मंडळाचा आला.

खरंच वायरींना लागत होता. भला मोठा मोबाईल, त्याला राक्षसाचं तोंड, बाहेर लोंबणारी लाल जीभ, आणि जिभेवर पुठ्ठ्याची लहान लहान दुकानं, ती तो गिळत होता. किराणा, कपडा, चप्पल, मोबाईल. छातीवर पाटी होती, ऑनलाईन सेल. लोकांनी खेटरांचा पाऊस पाडला.

जितेंद्रनं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो गर्दीतून वाट काढत बडग्याच्या भोवती फिरला, डाव्या बाजूनं, मागून, उजव्या बाजूनं. कुठे त्याचं नाव नव्हतं. कुठे त्याचं तोंड नव्हतं. झेलॉन नव्हतं. मागच्या बाजूला सांध्यात फ्लेक्स उसवला होता, तिथून आतली निळी बाजू दिसत होती. त्यांनी फ्लेक्स उलटा लावला होता. झेलॉन आतल्या अंगाला, आणि बाहेरच्या पांढऱ्या पाठीवर नवा राक्षस रंगवलेला. त्याची कंपनी नुसती अस्तराला वापरली होती.

रुपराव बडग्याच्या गाड्याला हात लावून चालत होता, घामानं भिजलेला, अंगावर गुलाल. जितेंद्रनं दुपट्टा खाली ओढला आणि त्याचा दंड पकडला.

"मी कुठं हावो याच्यात?"

रुपरावला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तो हसला नाही, हे जास्त वाईट होतं.

"बाबाच्या पत्र्यापायी तुहा बडग्या करीन म्हणून लय वर्षं मनात होतं गा, जितू," तो ढोलाच्या वर आवाज काढत म्हणाला. "तवा केला असता तर लोकं तुह्या भेवानं जमले नसते. अन् आता केला तर इचारतीन, हा कोण होय? बडग्या जित्या पिडेचा करतेत. तुहा काय करू?"

दंड सोडवून तो पुढे गेला. गाडा हलला. आणि तेव्हा, इतके दिवस जिभेवर न आलेलं ते जितेंद्रच्या तोंडून आपसूक निघालं. चुकलं गा, तुझ्या बाबाच्या पत्र्याचं चुकलं माझं. चांगला मोठ्यानं म्हणाला. पण ताशा जोरात होता आणि रुपरावची पाठ तिकडे होती. शेजारच्या माणसाला वाटलं हा मारबतीला काही सांगतोय, त्यानं बाजूला सरकून जागा दिली.

तो तिथंच उभा राहिला. दुपट्टा गळ्यात, तोंड उघडं. बर्डीवरचे, महालातले, लकडगंजातले ओळखीचे कितीतरी लोक समोरून गेले. ज्यांनी त्याच्या बादलीत फोन सोडले होते तेही त्यात असतील. कोणी बोट दाखवलं नाही, कोणी नजर चुकवली नाही. त्याला वाटलं, एकानं तरी शिवी द्यावी.

तेवढ्यात कोणीतरी त्याच्या हाताला स्पर्श केला. एक तरुण बाई, कडेवर लेकरू, बाजूला नवरा. बडग्या वळणावर अडकून थांबला होता, तेवढ्यात तिला त्याच्यासोबत फोटो पाहिजे होता.

"काका, काढून देता का जरा?" म्हणत तिनं फोन त्याच्या हातात ठेवलाही.

नुसत्या काचेचा, गुळगुळीत, दुसऱ्या कंपनीचा. जितेंद्रनं हात मागे घेतला नाही. फोन आडवा धरला. तिघं बडग्याच्या जिभेखाली उभे राहिले, लेकराचं तोंड बापानं समोर वळवलं. काचेत सगळे नीट दिसत होते. हे तर त्याला येत होतं. अख्ख्या नागपूरला फोटो काढायला शिकवला तो कोणी? त्याचं बोट आपोआप उजव्या कडेवर गेलं, तिथं बटण लागलं, आणि त्यानं ते दाबलं.

काच काळी झाली.

बाई आली, फोन उघडून परत त्याच्या हातात दिला, आणि काचेवर गोल दाखवून म्हणाली, इथं टेकवा फक्त. त्यानं मान हलवली. फोन धरला. ती मागे जाऊन उभी राहिली, हसली. त्याची नजर त्या गोलावर होती, आणि बोट पुन्हा कडेवर गेलं. काच पुन्हा काळी. मागे ढोल वाजला, गाडा सुटला, बडग्या पुढे सरकायला लागला.

"जाऊ द्या काका, जाऊ द्या," तिनं फोन अलगद काढून घेतला. रागावली नाही. म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशी सांभाळून बोलली. "मोबाईल नाही वापरत वाटते तुम्ही?"

जितेंद्रचा हात खिशावर होता. खिशात झेलॉन होता.

"नाही," तो म्हणाला.